उभ्याने खाल्लेला किस

भाद्रपद लागला की इंदुरात हातगाड्यांवर भुट्टे येतात. आधी निखाऱ्यावर शेकलेले, लिंबू-मीठ चोळलेले. मग थोड्याच दिवसांत घराघरांतून किसाचा वास यायला लागतो. कोवळं कणीस किसणीवर घासायचं, तो दुधाळ लगदा तुपात परतायचा, मोहरी-हिंगाची फोडणी, हिरवी मिरची, आणि वरून दूध घालून आटेपर्यंत ढवळत बसायचं. या वासाने इंदूरच्या माणसाला भूक लागते. माझ्या मात्र पोटात गोळा येतो. इतकी वर्षं झाली, केस पांढरे झाले, गुडघे गेले, पण तो गोळा काही गेला नाही.

यंदा तो गोळा जरा लवकरच आला, कारण ऋजुताचा फोन. ऋजुता माझ्या धाकट्या भावाची मुलगी. मोठमोठ्या कंपन्यांना पुढची दिशा ठरवायला मदत करते म्हणे. कंपनीच्या माणसांना तीन दिवस एका हॉटेलात कोंडायचं, भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि शेवटी सगळ्यांकडून एक निर्णय काढून घ्यायचा. याला स्ट्रॅटेजी वर्कशॉप म्हणतात. या खेपेला तिचं काम इंदुरातच निघालं, पाइप बनवणाऱ्या एका कंपनीचं. पहिल्या दिवशी संध्याकाळी तिने हॉटेलातून फोन केला.

"आत्या, फर्स्ट डे एकदम स्मूथ. टाइमच्या आधी संपलं सगळं."

"कुणी भांडलं नाही?"

"अगं, एकसुद्धा नाही. सगळे अ‍ॅग्री झाले."

"आणि मालक कुठे बसले होते?"

"समोर, अजून कुठे? त्यांनीच ओपनिंग केलं ना."

उद्या संध्याकाळी जेवायला ये म्हटलं, फोन ठेवला आणि कणसं सोलायला घेतली.

मी मुळातच काळजीखोर. बाबा म्हणायचे, ही पोर पाऊस नसला तर दुष्काळाची काळजी करते आणि पाऊस असला तर पुराची. पण त्या एका भाद्रपदात काळजी करायला खरंच कारण होतं. मध्य प्रदेश तेव्हा नवाच झालेला. राजधानी भोपाळला गेली म्हणून इंदूर रुसून बसलेलं. बाबा संस्थानाच्या काळात हुजूर कचेरीत होते. त्यांच्या कचेरीतल्या फायली ट्रक भरभरून भोपाळला गेल्या आणि बाबा पेन्शन घेऊन जुनी इंदूर भागातल्या आमच्या दोन खोल्यांत राहिले. खाली किराण्याचं दुकान, वर आम्ही. भाऊ शाळेत. माझी नोकरी हाच काय तो घराचा टेका. आणि माझी नोकरी होती कंदिलांच्या कारखान्यात.

आज कुणाला सांगितलं तर हसू येतं. पण त्या काळी माळव्यातल्या खेड्याखेड्यांत आमचा कंदील होता. हातोदच्या रस्त्याला कारखाना. आत शिरलं की पत्र्याचा, रॉकेलचा आणि ताज्या हिरव्या रंगाचा मिळून एक वास यायचा, तो संध्याकाळी घरी गेलं तरी केसांत असायचा. मालक दादासाहेब. त्यांचे आजोबा संस्थानच्या फौजेत शिलेदार, वडिलांनी घोडी विकून हा कारखाना काढला. फाटकावर वडिलांच्या हातचा पहिला कंदील टांगलेला होता आणि तो रोज तिन्हीसांजेला दादासाहेब स्वतः लावत. पाहुणे असोत, ताप असो, काच पुसून वात सारखी करून कंदील लावल्याशिवाय ते मोटारीत बसत नसत. आम्हीही ती ज्योत स्थिर झाल्यावरच सायकलींना हात लावायचो.

त्या वर्षी हातोदच्या रस्त्याच्या कडेने विजेचे खांब येऊन पडले. अजून उभे नव्हते केले. नुसते चिखलात आडवे. पण माझ्या टेबलाच्या खिडकीतून ते दिसत आणि मी टाइप करता करता त्यांच्याकडे बघायची. गोदामात कंदिलांची थप्पी छताला लागली होती.

एक दिवस दादासाहेबांनी बोलावलं. मी त्यांची टायपिस्ट. पत्रं, हिशेबाच्या बैठका आणि त्यांच्या डोक्यात येईल ते सगळं माझ्याकडे. म्हणाले, "हे पहा बाई, मुंबईचे एक गृहस्थ ही जागा मागताहेत. शेड पाडून गोदामं बांधणार. मी त्यांना गणपती होईतो थांबवलंय. त्याआधी आपल्या सगळ्या प्रमुख मंडळींनी तीन दिवस बसायचं आणि कारखान्यानं पुढे काय करायचं ते ठरवायचं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मला रस्ता दिसला तर ठीक. नाही दिसला तर मी सही करून टाकतो." आणि मग, चहा सांगावा इतक्या सहज: "मुंबईच्या कंपन्यांत असं करतात म्हणे. बैठकीची सगळी व्यवस्था तुम्ही बघा."

मी "जी" म्हटलं आणि बाहेर येऊन खुर्चीत बसले. शेडमध्ये पत्रा कापण्याचा आवाज चालू होता. त्या आवाजावर किती चुली पेटतात हे मला पगारपत्रक टाइप करून पाठ होतं.

व्यवस्था करायची म्हणजे काय हे सांगायला कुणी नव्हतं. पण आमच्या घराण्यात व्यवस्था रक्तातच, असं बाबा म्हणत. मी झपाटल्यासारखी लागले. कोणकोण येणार ते ठरवलं, बाराएक माणसं. आधी काय बोलायचं, मग काय, जेवण कधी, ते टाइप करून सगळ्यांना वाटलं. आपण काय विकतो, कुणाला विकतो, आणि उद्या त्याने घेतलं नाही तर काय, असे प्रश्न मोठ्या अक्षरांत पॅकिंगच्या तपकिरी कागदावर लिहून भिंतीला लावले. हे सगळं बरं केलं होतं मी. ऋजुतासुद्धा यात काही खोड काढणार नाही.

जागा म्हणून दादासाहेबांच्या बंगल्याचा दिवाणखाना. आणि इथे माझ्यातली हुजूर कचेरी जागी झाली. मधोमध मालकांची गादी, मागे लोड. उजव्या हाताला मान्यवर, डाव्या हाताला त्यांच्या खालचे, दाराशी कारखान्यातले. कुणी कुठे बसायचं ते बाबांना विचारून ठरवलं, म्हणजे कुणाचा मान दुखावणार नाही. आल्या-आल्या अत्तर-गुलाब. आणि सुरुवात अर्थातच दादासाहेबांनी करायची. थोरांच्या आधी तोंड उघडायचं नाही हे आम्हाला दुधाच्या दातांबरोबर आलेलं.

तो दिवस किती सुरेख झाला. बाहेर भाद्रपदाचं चटके देणारं ऊन, आत वाळ्याचा पडदा, गुलाबपाण्याचा वास. दादासाहेब बोलले. वडिलांबद्दल बोलले, पहिल्या कंदिलाबद्दल बोलले, कंदील ही आपली ओळख आहे म्हणाले. मग एकेक जण बोलला. प्रत्येकाची सुरुवात "दादासाहेबांनी फर्मावलंच आहे" अशी. कुणी म्हणालं रंग बदलू, कुणी म्हणालं काच जाड करू. आमचे फिरते विक्रेते तिवारीजी, महिन्यातले वीस दिवस खेड्यांत धूळ खाणारा माणूस, त्यांनीही हात जोडले, "हुजूर की जो मर्जी." कारखान्याचे पवार मिस्त्री दाराजवळून फक्त "जी" म्हणाले. वेळेच्या आधी सगळं आटोपलं. मी कागदावर लिहिलं, सर्वानुमते. दादासाहेब "बरं" एवढंच म्हणाले आणि फाटकावरचा कंदील लावायला गेले.

घरी जाऊन मी बाबांना फुशारकीने सांगितलं, एकमत झालं म्हणून. बाबा सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबवून म्हणाले, "दरबारात रोज एकमत व्हायचं. संस्थान गेलंच ना?"

एवढंच. पुन्हा सुपारी कातरायला लागले. आणि माझ्या पोटात तो गोळा पहिल्यांदा आला. मला एकदम दिसलं की दिवसभरात एकही माणूस बोललेला नाही. खांबांबद्दल चकार शब्द कुणी काढला नव्हता. रस्त्यावर पडलेले ते खांब बारा जणांनी येता-जाता पाहिले होते आणि बारा जणांनी अत्तर लावून घेतलं होतं. एक दिवस गेला, दोन राहिले, आणि उरलेल्या दोन्ही दिवशी हेच होणार. तिसऱ्या संध्याकाळी दादासाहेब सही करणार आणि कागदावर सर्वानुमते हा शब्द असणार, माझ्या हातचा.

आईने ताटलीत किस आणून दिला. मी बसून खाईना, खिडकीशी उभी. खाली रस्त्यावर किसवाल्याच्या गाडीभोवती लोक जमले होते. किराण्याचे शेठजी, त्यांचा हमाल, वरच्या आळीचे वकीलसाहेब, एक टांगेवाला. हातात पानाचे दोने, म्हणजे तुमच्या पुण्याकडचे द्रोण. टांगेवाला वकीलसाहेबांना सांगत होता की तुम्ही तो खटला हरणार. वकीलसाहेब चिडून त्याला उलट सांगत होते. इंदुरात माणूस उभ्याने खातो तेव्हा कुणाच्या बापाला भीत नाही. मी तो दोना बघत राहिले. एका हातात दोना, दुसऱ्यात पानाचा चमचा. हात जोडायला हातच उरत नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिवाणखाना रद्द केला. कुणालाही न विचारता. बैठक कारखान्याच्या आवारात, कडुलिंबाखाली. गादी नाही, खुर्ची नाही, सतरंजीसुद्धा नाही. तपकिरी कागद शेडच्या भिंतीला. आणि मधोमध आमच्या गल्लीतला किसवाला, त्याची शेगडी, कढई आणि दोन्यांची चवड. मंडळी आली आणि बसायला जागा शोधत चुळबुळत राहिली. दादासाहेबांची मोटार आली. ते उतरले, इकडेतिकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. माझ्या घशाला कोरड पडली. मी म्हटलं, "दादासाहेब, आज आपण शेवटी बोलावं अशी विनंती आहे." आणि त्यांच्या हातात दोना दिला.

त्यांनी दोना घेतला आणि लिंबाला टेकून उभे राहिले.

पुढे बराच वेळ नुसते चमचे वाजत होते म्हणावं तर तेही नाही, पानाचे चमचे वाजत नाहीत. मला वाटलं, संपलं. त्यात भर म्हणजे रात्रीच्या पावसाने कोळसे ओले झालेले. शेगडी भडकेना, धूर मात्र असा सुटला की सगळ्यांच्या डोळ्यांतून पाणी. किसवाला फुंकतोय, खोकतोय, वारा फिरेल तशी मंडळी कढईभोवती फिरताहेत. मालक, मुनीम, मिस्त्री, सगळे एकाच धुरात. आणि तिवारीजी डोळे चोळत, तोंडात किस असतानाच, वैतागून म्हणाले, "अरे भिया, लालटेन को मारो गोली. पहले इस धुएँ का कुछ करो."

कुणीतरी हसलं. आणि तिवारीजींना बहुधा कळलं की आपण काय बोललो, पण घास गिळेपर्यंत उशीर झाला होता. मग ते थांबलेच नाहीत. "सच केऊँ? गाँव में अब कोई लालटेन का भाव भी नी पूछता. के रिये हैं, दिवाली तक बिजली आ री है. पर औरतें मेरे थैले में झाँकती हैं. पूछती हैं, चूल्हे का कुछ लाए क्या?"

"मग करू ना," पवार मिस्त्री म्हणाले. "पत्रा तोच आहे, वात तीच, तेलाची टाकी तीच. मतलब पत्रा दाबायची डाय बदलावी लागेल. वातीचा स्टोव्ह करायला आपल्याला काय कठीण आहे? मी तर केव्हापासून म्हणून राहिलो, घरी."

"घरी म्हणून काय उपयोग, भिया," मुनीमजी म्हणाले आणि तिथून जे भांडण सुरू झालं. स्टोव्हचा भडका उडतो, बायका घाबरतात. बायका चुलीला नाही घाबरत? मुंबईचे स्टोव्ह स्वस्त पडतात. मुंबईच्या स्टोव्हची वात इथे मिळत नाही. कंदील बंद केला तर लोक म्हणतील दिवाळं काढलं. नाही बंद केला तर खरंच निघेल. मी खडू घेऊन तपकिरी कागदावर लिहीत होते आणि सगळे एकमेकांच्या अंगावर धावून जात होते. मला आनंद व्हायला हवा होता. मला वाटत होतं की मी आग लावली.

कारण दादासाहेब बोललेच नाहीत. शेवटी बोलायची त्यांची पाळी आली तेव्हा लिंबाखाली कुणी नव्हतं. खोडापाशी अर्धा किस तसाच ठेवलेला दोना होता. मोटार केव्हा गेली ते भांडणात कुणाला कळलं नाही. आणि त्या संध्याकाळी, माझ्या नोकरीत पहिल्यांदाच, फाटकावरचा कंदील लागला नाही. आम्ही सायकली धरून उभे राहिलो, एकमेकांकडे बघत. पवार मिस्त्री काडेपेटी काढून पुढे झाले, मग तेही थांबले. अंधार पडायला लागला तसे एकेक करून निघून गेले.

ती काळजी कशी होती ते मला आजही नीट सांगता येत नाही. भीती नव्हती, भीतीला काहीतरी तोंड असतं. जेवताना आईचा हात पदराकडे गेला, चुलीच्या धुराने तिचे डोळे कायम लाल. ती डोळे पुसत मला म्हणाली, "वाढू का अजून?" आणि माझ्या मनात आलं की परवापासून या घरात वाढायला काय असेल. बाबांना मी काही सांगितलं नाही. त्यांनी विचारलंही नाही, फक्त झोपताना माझ्या डोक्यावरून हात फिरवला. बाबा असं कधी करत नसत, म्हणून मी आणखी घाबरले.

तिसऱ्या दिवशी मंडळी लिंबाखाली जमली ती तेरवीला जमल्यासारखी. किसवाल्याची कढई तेवढी चढली होती. दादासाहेब आले. चालत आले. मोटार फाटकाबाहेर ठेवून, त्या न लावलेल्या कंदिलाखालून. भिंतीवरचा कागद त्यांनी सावकाश वाचला, खोडलेलंसुद्धा वाचलं. मग वळले आणि म्हणाले, "परवा माझंच बोलणं तुम्ही मला परत दिलंत. काल तुमचं ऐकलं. ऐकवेना म्हणून गेलो." थोडं थांबून माझ्याकडे पाहिलं. "बाई, दोन दिवस तुम्ही सगळ्यांना बोलतं करताय. तुम्हाला स्वतःला काय वाटतं? स्टोव्ह काढावा, की कंदील ठेवावा?"

मला या प्रश्नाची कल्पनाच नव्हती. कुणी किती वेळ बोलायचं, कुणी आधी, कुणी नंतर, सगळं मी आखलं होतं. त्या आखणीत मी कुठे नव्हतेच. तोंडातून आपोआप निघालं, "जी, आपण म्हणाल तसं."

आणि हात जोडले.

तिवारीजींनी मान खाली घातली. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. तेव्हा दादासाहेब किसवाल्याकडे गेले, एक दोना भरून घेतला आणि स्वतः माझ्या हातात आणून दिला. "हं. आता बोला."

दोना गरम होता. तळहात भाजत होता, आणि खाली ठेवायला जागा नव्हती. मी बोलले. म्हटलं, "वीज आली तरी चूल विजेवर पेटत नाही, दादासाहेब. माझ्या आईला उजेडाची अडचण नाही, धुराची आहे. आपण बारा जण उजेडाचाच विचार करत बसलो, कारण स्वयंपाकघरात आपल्यापैकी कुणी बसत नाही." मग जे म्हणायला जीभ रेटत नव्हती ते म्हटलं. "कंदील बंद करावा."

"पूर्ण?"

"पूर्ण. दोन्ही धरून ठेवले तर दोन्ही जातील."

"आणि फाटकावरचा?"

"तो मालाचा नाही. तो घरचा. तो लावावा."

दादासाहेबांनी मान वळवून फाटकाकडे पाहिलं. मग पवार मिस्त्रींना विचारलं, "डाय किती दिवसांत होईल?" आणि मिस्त्रींनी जो दिवस सांगितला त्यावर मुनीमजी लगेच म्हणाले की शक्यच नाही, आणि पुन्हा भांडण सुरू झालं. मी तोपर्यंत दोन्यातला किस संपवला होता. त्याची चव मला आठवत नाही. संध्याकाळी दादासाहेबांनी काच पुसली, कंदील लावला, मुंबईच्या गृहस्थांना द्यायचं उत्तर मला उभ्या-उभ्याच सांगितलं आणि मोटारीत बसले.

स्टोव्ह निघाला. पहिला चालेना, दुसरा भडकला, तिसऱ्याने खेड्यांत नाव काढलं. पुढे घरोघरी गॅस आला तेव्हा दादासाहेब नव्हते आणि लिंबही नव्हता. पण तोवर कित्येक घरांतली पोरं शिकून निघाली होती, त्यांत माझा भाऊही. आज तिथे फ्लॅट आहेत. मी अधूनमधून रिक्षाने तिकडून जाते. खांब उभे आहेत, दिवे लखलखतात, आणि माझी नजर उगीच फाटक शोधते.

ठरवणं म्हणजे काहीतरी सोडणं, हे मी त्या भाद्रपदात शिकले. आणि सोडायचं नाव काढायला कुणाला तरी आधी घसा कोरडा करून घ्यावा लागतो. काळजी वाईट नसते. ज्या बैठकीत कुणाच्याच पोटात गोळा येत नाही, त्या बैठकीची मला जास्त काळजी वाटते.

ऋजुता दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आली. दुसराही दिवस स्मूथ गेला होता. पण चेहरा उतरलेला. चपला काढता काढता म्हणाली, "आत्या, वैसे तर सगळं ठीक आहे. उद्या डॉक्युमेंट साइन होईल. एमडींनी पहिल्या दिवशी जे सांगितलं तेच आहे त्यात, फक्त आता सगळ्यांच्या नावाने."

"आणि ते बरोबर आहे?"

स्वयंपाकघरातून वास येत होता.

"तुला स्वतःला काय वाटतं, ऋजू?"

"अगं, मी काय सांगणार? मी फक्त फॅसिलिटेट करते. क्लायंट म्हणेल तसं."

असं म्हणून ती बसायला खुर्ची ओढायला लागली. मी खुर्ची भिंतीकडे सरकवली आणि गरम किसाचा दोना तिच्या हातात दिला.